वैशाखातला लोकरी कोट

॥ श्री उदागीर महाराज समर्थ ॥

चिरंजीव नातीने पुसिले की, आपल्या घराण्यात लग्नाचा बस्ता बांधिताना शालू खाली आणि सुती साड्यांचा गठ्ठा वर ऐसे का ठेवितात, आणि पहिली विभूती, पहिले हळदकुंकू त्या सुती गठ्ठ्यासच का लावितात, त्याची साद्यंत हकिकत लिहून द्यावी. त्यास जे डोळां देखिले आणि जे कानी आले, ते पदरचे फारसे न घालिता, आणि जे घातले ते कोणास ओळखू न येईल ऐशा बेताने, येणेप्रमाणे लिहिले असे. वाचणाराने चहा घेऊन बसावे. विहिणींपैकी कोणी वाचीत असल्यास त्यांनी रागास न यावे, कां की या मोहिमेत गनीम म्हणून जो उभा राहिला तोही माणूस वाईट नव्हता.

शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नावच ऐसे, मग पाऊस तरी काय करील? मागील साली मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला, आणि उदगीर प्रांती आडांचे तळ उघडे पडोन पोरे खाली उतरून खापऱ्या वेचू लागली. मोंढ्यात तुरीची पोती उतरावी तेथे कबुतरे उतरली. नळास पाणी येण्याचा दिवस सणासारखा जाहला आणि त्या दिवशी पाहुणा आला तर त्यास दारातच बसवून घागरी भरावयास लावीत. तशात लातूर नवा जिल्हा जाहला होता. उस्मानाबादेहून फुटोन निराळा मुलूख ठरला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्यांचा रंग अजून चकाकत होता, आणि पाणी मात्र टँकरनेच येत होते. परंतु जिल्ह्याचा दिमाख मोठा. काल ज्या बाया नुसत्या लातूरच्या होत्या त्या आज जिल्ह्याच्या जाहल्या आणि त्यांचे पदर वीतभर लांब सुटले.

ऐसे समयी उदगीर मुक्कामी, जेथे पूर्वी निजामाशी मोठी लढाई होऊन तह जाहला त्याच उदगिरी, मोंढ्यातील आडतवाले राजश्री अण्णाराव यांचे कुटुंब, सकलगुणमंडित अखंडितसौभाग्यवती शिवकांताबाई या नांदत होत्या. बाईंचा पराक्रम गल्लीत मशहूर. घरात साप निघाला तर बाईंनी चिमट्याने धरून बाहेर सोडिला, आणि टँकरवर भांडण लागले तर बाई नुसत्या जाऊन उभ्या राहिल्याने रांग सरळ होई. ऐशा बाईंस जगी एकच भय होते, आणि ते कापडाच्या दुकानाचे.

दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या की बाईंच्या कानात भुणभुण सुरू होई. गादीवर साड्या उलगडू लागल्या की नजर हैराण होऊन मागल्या साडीचा रंग पुढलीस लागल्यासारखा दिसे. मग उलगडणाऱ्या माणसाची दया येऊन, जी साडी अंगाजवळ असेल ती घेऊन बाई निघत, आणि घरी येताच ती दुसऱ्या कोणास देऊन मोकळ्या होत. म्हणोन बाईंनी दुकान हा प्रकारच वर्ज्य केला होता. त्यांच्या पेटीतला सरंजाम ऐसा की, एक गडद निळी इरकल, दुसरी तशीच, तिसरी तशीच, आणि खाली घडी केलेली ती सणाची, तीही तशीच. गल्लीतील काही म्हणत की बाईंपाशी एकच साडी आहे, आणि काही म्हणत की पुष्कळ असाव्यात, कां की कधी मळलेली दिसत नाही. खरेदीचा दस्तूर ऐसा की, बिदरकडील एक कापडवाला सायकलीवर गाठोडे लादून साल-दोन सालांनी गल्लीत येई, बाई उंबऱ्यातूनच हुकूम देत की मागच्यासारखीच दे, आणि गाठोड्याची गाठ सुटण्याआधी सौदा पुरा होई. कापडवालाही शहाणा. तो बाईंची साडी हँडलला वेगळी लटकावूनच आणी.

बाईंच्या मते साडी हे हत्यार. पदर खोचला तर सुटू नये, त्याने चुलीवरचे पातेले उतरता यावे, ताक गाळता यावे, रडणाऱ्या पोराचे नाक पुसता यावे, आणि अर्ध्या बादलीत धुतली तरी तिने कुरकुर करू नये. जी साडी आपल्याला सांभाळीत नाही, उलट आपणच जिला सांभाळीत बसावे, ती साडी बाईंच्या लेखी साडीच नव्हे, पाव्हणी.

बाईंची कन्या चिरंजीव दानम्मा. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्या त्यात ती मुख्यसेविका जाहली आणि नळेगावाकडील अंगणवाड्यांची देखरेख तिजकडे आली. यष्टी मिळाली तर यष्टीने, न मिळाली तर ट्रॅक्टरवर, आणि तोही न मिळाला तर पायी, ऐसी ती गावोगाव जाई, पोरांच्या खाऊच्या सुकडीची पोती उतरून घेई, झोळीच्या काट्यात पोरे घालून तोली, आणि दुष्काळाने कोणाचे पोर वाळू लागले की त्याच्या आईशी घरच्यासारखी बसून बोले. तिचे पोशाखही आईच्याच छापाचे, गडद आणि सुती, कां की सुकडीचे पीठ, रस्त्याची धूळ आणि पोरांचे शेंबूड या तिघांशी तिचा रोजचा सामना होता.

तिला लातूरचे स्थळ आले. मुलगा राजमान्य राजश्री बसवराज, कलेक्टर कचेरीत टंचाईच्या टेबलावर कारकून. काम नावाला टेबलावर. खरे तर टँकर कोणत्या गावी पोचला, किती भरला आणि वाटेत किती सांडला हे पाहावयास उन्हातान्हात उभे राहावे लागे. मुलगी पाहावयास आला तेव्हा त्याने स्वयंपाक येतो का, गाणे येते का हे काही न पुसता एवढेच पुसिले की, तुमच्याकडील कोणत्या गावी टँकर वेळेवर येत नाही. मुलगी पाहताना ऐसा प्रश्न कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दानम्माने गावांची नावे सांगितली, त्याने ती तळहातावर पेनाने लिहून घेतली, आणि त्याच घडीस दोहोंकडील मने जुळली. परंतु एक उणे होते. आपल्या मातुःश्रींपुढे बसवराजांचे तोंड उघडत नसे.

मातुःश्री म्हणजे नीलाबाईसाहेब. घरधनी लवकर कैलासवासी जाहल्यावर त्यांनी एकटीने मुलगा वाढविला, आणि आता मुलगा कचेरीत, कचेरी जिल्ह्याची, जिल्हा नवा, मग बाईंची मान का न ताठावी? कापडाच्या दुकानात त्यांचा अंमल ऐसा की त्या पायरी चढल्या की मालक पंखा त्यांच्याकडे फिरवी. सुपारी फुटली त्या दिवशी अण्णारावांनी हळूच विषय काढिला की, मुलीची नोकरी लग्नानंतर चालावी. तेव्हा नीलाबाईसाहेबांनी हसून फर्माविले की, नोकरीचे बस्त्यानंतर पाहू.

आता बस्ता म्हणजे काय ते लिहितो. लग्नाचे सारे कापड एके दिवशी, एके दुकानी, दोन्हीकडील माणसे समोरासमोर बसून घेतात, त्यास बस्ता म्हणतात. त्याचा कायदा पुरातन. नवरीच्या साड्या वरपक्षाने घ्यावयाच्या, नवरदेवाचे कपडे वधूपक्षाने. जो देतो त्याने पसंत करावे. जो घेतो त्याने 'छान हाय' एवढेच म्हणावे, दुसरा शब्द काढू नये, काढिल्यास मान गेला म्हणोन बस्ता उधळतो आणि कधी कधी लग्नही. आणि दुसरे कलम याहून जबर की, बस्त्याचेच कापड पहिले वर्ष अंगावर घालावयाचे. माहेरची जुनी चिंधी नेली तर सासरी काय कमी होते म्हणोन बोभाटा होतो. सारांश, बस्त्यात जे आले तेच नवरीचे वर्ष, आणि पहिले वर्ष जैसे गेले तैसी पुढली जातात.

एके दुपारी मायलेकी ज्वारी निवडीत बसल्या असता दानम्मा खाली पाहूनच बोलली, "आई, पोरगा मला पसंत हाय. पण बस्त्यात एकबी रोजची सुती साडी आली न्हाई, तर समज मला घरात बसवायलेत. मंग लग्न मोडायचं का नोकरी, तेवढं तू सांग."

शिवकांताबाईंनी सूप दोन वेळा झाडिले, त्यातला खडा काढून अंगणात फेकिला, आणि म्हणाल्या की, बस्त्याला मी येते.

ही खबर घरात पसरताच हलकल्लोळ जाहला. अण्णारावांनी चहाची बशी खाली ठेविली. थोरल्या मुलाच्या बस्त्यास ज्या बाई डोके दुखते म्हणोन घरी राहिल्या, त्या खासा स्वारी करणार? मग बाजेवर मसलत बसली. अण्णारावांनी तजवीज सुचविली की, आपण विहीणबाईंस नम्रपणे सांगावे. बाई बोलिल्या की, त्यास्नी सांगाल अन् त्या हसतील. तेव्हा मसलत तेथेच संपली आणि पहाटेच्या यष्टीने कूच करण्याचे ठरले.

कूच जाहले. बाईंच्या अंगावर नित्याची इरकल, हाती दशमी आणि लाल चटणीचे गाठोडे, आणि अण्णारावांच्या खांद्यावर पाण्याची कळशी, कां की त्या साली लातूरच्या पाहुण्याकडे पाणी मागणे म्हणजे त्याच्या अब्रूस हात घालण्यासारखे होते. नळेगावापाशी रस्त्याच्या कडेने रिकाम्या घागरींची रांग लागली होती, माणसे सावलीत आणि घागरी उन्हात. खिडकीतून दानम्माने एका बाईस ओळखून हात केला आणि त्या बाईनेही घागर उचलून सलाम केला. शिवकांताबाईंनी ते पाहिले आणि पदर घट्ट खोचला.

लातुरी गंजगोलाई म्हणून बाजार आहे, वाटोळा, मध्ये देवी जगदंबेचे देऊळ, आणि भोवती सोळा रस्ते फुटले आहेत. आत शिरणे सोपे, कोणत्या रस्त्याने निघावे हे मात्र नवख्यास उमगत नाही. त्यातील कापडवाल्यांच्या ओळीत शिवमूर्तीअप्पांचे दुकान. वर पत्रा, खाली पांढरी गादी, दारात प्लास्टरचा एक गोरा पुतळा, त्याच्या अंगात काळा लोकरी कोट, आत बंडी, गळ्यास टाय. बारमाही तोच पोशाख. बिचारा पुतळा, त्यास घाम येत नसे.

नीलाबाईसाहेब आधीच डेरेदाखल होत्या. नणंदा, जावा, मावसबहिणी ऐसा लवाजमा तक्क्यांना टेकून बसला होता, आणि बसवराज कोपऱ्यात भिंतीस पाठ लावून, आपण या लढाईत नाही ऐशा चेहऱ्याने. विहिणी-विहिणींची भेट जाहली, एकमेकींस कुंकू लाविले, पाण्याऐवजी अर्धा अर्धा चहा फिरला, आणि मग शिवमूर्तीअप्पांनी बाह्या सारून तोफखान्यास बत्ती दिली.

पहिला मारा शालूचा. त्यामागे बनारसी, त्यामागे नारायणपेठ, मग जॉर्जेट, मग फुलाफुलांचे नायलॉन, मग चमकीचे ते ज्याचे नाव अप्पांसही ठाऊक नव्हते. साड्या हवेत उडून गादीवर पडू लागल्या आणि रंगांची ऐसी धूळ उठली की शिवकांताबाईंच्या कानात भुणभुण सुरू जाहली. कायद्याप्रमाणे प्रत्येक साडीस त्यांना बोलणे प्राप्त होते. पहिल्या शालूस त्या ठासून म्हणाल्या, छान हाय. पुढे पुढे आवाज खाली जात गेला, आणि अखेर ऐसी गत जाहली की साडी उलगडण्याआधीच छान हाय निघे, आणि एकदा तर चहाची कपबशी उचलणाऱ्या माणसासही त्या छान हाय म्हणाल्या. अण्णारावांनी हळूच कळशीतले पाणी पुढे केले.

गठ्ठा वाढत चालला आणि त्यात सुती एकही नाही. दानम्मा आईजवळ बसून पदराचे टोक बोटास गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी. तेव्हा बाईंनी दम धरून एक लहानसा हल्ला केला. वरच्या फळीवर गडद सुती साड्यांची चळत दिसत होती, तिकडे पाहून त्या सहज बोलल्यासारखे बोलिल्या की, ते बी छान हाय. नीलाबाईसाहेबांनी मान वर केली आणि गोड आवाजात उत्तर केले, "ते मानपानाचं हाय विहीणबाई. कामाला येणाऱ्या बायास्नी द्यायचं. जिल्ह्याची सून ते नेसून यष्टीत लोंबकळली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." आणि लवाजमा हसला. पुढे त्यांनी हेही सुनाविले की, यष्टीचे धक्के खावयास हिला आमच्या घरी काय कमी आहे. घरात पंख्याखाली बसावे, रोज एक नवी नेसावी, शेजारणीने विचारावे, ही कोणती गं.

येणेप्रमाणे उदगीरकरांची शिकस्त जाहली. दानम्माने बोटावरचा पदर सोडून दिला आणि दाराकडे पाहिले, आणि ते पाहणे लग्नास नाही म्हणणाऱ्या पोरीचे होते, हे आईने ओळखिले.

मग दशमी सुटली. जेवणे चालली असता शिवकांताबाई काही न खाता दारातल्या पुतळ्याकडे पाहत बसल्या. लाल चटणी फिरली, कळशी फिरली, हात पुसून जाहले, आणि अप्पांनी पुसिले की, आता नवरदेवाचे काढू? तेव्हा बाईंच्या कानातील भुणभुण एकाएकी थांबली. कां की आता देणारा पक्ष उदगीरकर, पसंतीचा हक्क उदगीरकरांचा, आणि समोरच्या फौजेस 'छान हाय' यापलीकडे शब्द नाही. बाईंनी दाराकडे बोट करून हुकूम सोडिला की, तो कोट काढा.

अप्पा चमकले. म्हणाले की, बाई, तो लोकरी आहे, आणि दिवस वैशाखाचे. बाई बोलिल्या की, जिल्ह्याचा जावई आहे, त्यास साधे कापड दिले तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. मग पुतळ्याचा कोट उतरला, बंडी उतरली, टाय सुटला, पुतळा उघडा पडोन बाजाराकडे पाहत राहिला, आणि डांबरगोळ्यांचा वास दुकानभर पसरला. बाईंच्या इशारतीवर बसवराजांस उभे करोन बंडी चढविली, वर कोट चढविला, गुंड्या लाविल्या, आणि टाय अण्णारावांनी बांधिला, त्यांस दुसरी गाठ ठाऊक नसल्याने पोत्याची. इतक्यात, देवी जगदंबेची कृपा म्हणा किंवा वीज मंडळाची, पंखा बंद पडला.

नीलाबाईसाहेबांनी लेकाकडे पाहिले आणि कायद्याप्रमाणे बोलिल्या, छान हाय. लवाजमाही बोलिला, छान हाय. शिवकांताबाईंनी पुढे सांगितले की, हा लग्नाचा जाहला. आता रोजच्यासाठी याच कापडाचे आणखी दोन शिवावेत, करडा एक आणि तपकिरी एक. आमच्या हातचे पहिले वर्ष अंगावर दिसले पाहिजे, कचेरीत दिसले पाहिजे, टँकरवर दिसले पाहिजे. पत्रा तापला होता. बसवराजांच्या कानामागून घामाची धार निघाली, ती कॉलरात शिरली, दुसरी निघाली, आणि चेहरा विटेच्या रंगाचा जाहला. अण्णाराव हळूच म्हणाले, अगं, पोरगं पडंल. बाई बोलिल्या की, पडणार न्हाई, बोलंल.

आणि बोलला. आयुष्यात प्रथम मातुःश्रींच्या देखत, त्यांस न पुसता, बसवराज बोलिले, "मावशी, हे घालून मला टँकरवर उभं राहता येत न्हाई. दोन सुती शर्ट द्या, मला तेवढे बास."

घेणाराने मागितले. लवाजम्यातील एक जुनी नणंद कानास हात लावून पुटपुटली. परंतु शिवकांताबाईंनी रागावणे दूरच, स्वतः उठून जावयाच्या गळ्यातली पोत्याची गाठ सोडिली, पदराने त्याची मान पुसली, आणि तशाच उभ्या राहून बोलिल्या, "देते की बाबा. माझ्या पदरचं काय जातंय? पण विहीणबाई, घेणारानं मागायचा रिवाज आता पडला. तुमच्याच घरातून पडला. मंग माझ्या पोरीलाबी मागू द्या."

पेच बिनतोड होता. नाही म्हणावे तर लेक वर्षभर लोकरीत. हो म्हणावे तर गठ्ठा फुटणार. नीलाबाईसाहेबांनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि सोडिली. मग दानम्माकडे वळून म्हणाल्या की, बोल.

दानम्मा उठून सासूच्या जवळ जाऊन बसली. "मला चार सुती द्या, गडद. अन् त्या नेसून मी कामाला जाणार. हे आत्ताच सांगायले, कारण नंतर सांगितलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

नीलाबाईसाहेबांनी लेकाकडे पाहिले. त्याचा कोट अजून अंगातच होता आणि गुंड्या सुटता सुटत नव्हत्या. तो म्हणाला, "आई, मी तिला पसंत केलो ते त्याच्यासाठीच."

यावर बाईसाहेब समोरच्या शालूची घडी करू लागल्या, आणि ती नीट बसेना म्हणोन पुन्हा उलगडली. मग लवाजम्यास ऐकू न जाईल ऐशा बेताने शिवकांताबाईंस म्हणाल्या, "माझ्या बस्त्यात एकच साडी होती, विहीणबाई. तीबी जावंला न आवडलेली, दुकानात परत चाललेली. म्हणून म्हणलं, हिला ढीग लावावा."

शिवकांताबाई खाली बसल्या. लढाईच्या गर्दीत समोरच्याची जखम दिसली म्हणजे तरवार जड होते, तैसे त्यांचे जाहले. शालूचे दुसरे टोक धरून घडीस हात लावीत बोलिल्या, "लावा ना ढीग. फक्त तिच्या मापाचा लावा."

मग तह जाहला. तहात ठरले की, दानम्माने नोकरी करावी आणि तिच्या येण्याजाण्यास कोणी हरकत घेऊ नये. यष्टी चुकून उशीर जाहला तर बसवराजांनी भाकरी टाकाव्या, जाड जाहल्या तरी चालतील. नायलॉन व जॉर्जेटपैकी जे नको ते अप्पांनी कुरकुर न करिता फळीवर परत ठेवावे. आणि याबदली सासूच्या आवडीचा एक शालू सुनेने घेऊन, वर्षात जेव्हा सासू म्हणेल तेव्हा नेसून, शेजारणीपाजारणींत मिरवावा, तोंड वाकडे न करिता. नीलाबाईसाहेबांनी आपल्या हाताने वरच्या फळीवरील चार सुती साड्या काढविल्या, उन्हाकडे धरून वीण कोणती चांगली ते पाहिले, एक परत करोन दुसरी मागितली, कां की घ्यावयाचेच तर सुतीही पाहून घ्यावे ऐसी त्यांची नजर, आणि गठ्ठ्याच्या माथ्यावर ठेवून त्यांसच पहिली विभूती आणि पहिले हळदकुंकू लाविले. तो रिवाज तेथून.

परंतु फत्तेची किंमत द्यावी लागते, ती लिहिल्याविना ही हकिकत पुरी होत नाही. पुरातन काळी फत्ते जाहल्यावर सरदारास खिलत देत, तैसी बस्त्यात नवरीच्या आईस वरपक्षाकडून मानाची साडी देतात. ती नीलाबाईसाहेबांनी एरवी स्वतः निवडून ठेविली असती आणि शिवकांताबाई छान हाय म्हणोन सुटल्या असत्या. परंतु आता रिवाज नवा होता. बाईसाहेब तक्क्यास टेकून मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "आता तुम्ही मागा, विहीणबाई."

शिवकांताबाईंच्या पायाखालची गादी सरकली. त्यांनी म्हणून पाहिले की, या अंगावरच्यासारखीच द्या. अप्पा म्हणाले की, तो माल आम्ही ठेवीत नाही. पंखा सुरू जाहला, तोफखाना पुन्हा उलगडला, कानात भुणभुण आली, आणि आपणच केलेल्या कायद्यात आपण ऐशा अडकलो हे जाणून बाईंनी डोळे मिटले आणि जी हातास लागली तिजवर हात ठेविला. डोळे उघडून पाहतात तो गुलाबी नायलॉन, त्यावर पोपट. लवाजमा एका सुरात बोलिला, छान हाय. बाईंस तो शब्द त्या दिवशी प्रथम ऐकू आल्यासारखा वाटला.

लग्न यथासांग पार पडले. बसवराज सुती शर्टात उभे राहिले आणि अक्षता पडेतो घामेजले नाहीत. दानम्माने शालू नेसला आणि नीलाबाईसाहेबांनी तिला गल्लीतील प्रत्येक दारी नेऊन उभी केली, आणि ती उभी राहिली.

मग ज्येष्ठही कोरडा गेला. एके दिवशी शिवकांताबाईंच्या घरी धुण्यास पाणी एवढे थोडे उरले की इरकल भिजेना. तेव्हा निरुपाय होऊन त्यांनी पेटीच्या तळातून ते पोपट बाहेर काढिले. नेसले, मळले, तांब्याभर पाण्यात निघाले, आणि दोरीवर टाकून बाई वळतात तो वाळलेही. बाईंनी इकडे तिकडे पाहिले, कोणी पाहत नव्हते, आणि साडी पुन्हा नेसली. त्यापुढे टंचाई संपेतो गल्लीने पोपट वारंवार पाहिले. कोणी पुसिले तर बाई सांगत की, विहिणीचा मान आहे, ठेवावा लागतो. इतिहास लिहिणाराने हे झाकू नये म्हणोन लिहिले.

आषाढाच्या तोंडी एके सांजेस दानम्माची यष्टी उदगीर स्थानकात थोडा वेळ थांबणार होती, त्या दिवशी कामासाठी उदगीरपलीकडील खेड्यावरून यावयाचे आणि पुढे लातुरास जावयाचे. शिवकांताबाई डबा घेऊन आल्या, अंगावर पोपट. यष्टी आली. खिडकीत लेक. गडद सुती साडी, बस्त्यातली; तिला झोळीच्या काट्याच्या गंजाचा डाग, आणि पदराला सुकडीचे पीठ, कोणा पोराच्या बोटांनी माखलेले. दानम्माने आईस वरपासून खालपर्यंत पाहिले आणि हसू आवरेना. म्हणाली, "आई, छान हाय."

बाई म्हणाल्या, "गप. डबा धर. सासूबाईसाठी चटणी बांधलीय, वर हाय."

मग यष्टी हलली, आणि दानम्माने त्या पिठाच्या पदराने खिडकीवरची धूळ पुसून हात बाहेर काढिला, आणि स्थानकाच्या फाटकाबाहेर यष्टी वळेतो तो हात दिसत होता. त्या दिवशी पावसाचे दोन थेंबही न पडता, क्षयनाम संवत्सरी, गंजगोलाईची मोहीम फत्ते जाहली. पदराचे पीठ हेच निशाण, दुसरे निशाण रोविले नाही. लेखनात जेथे घडी बसली नसेल तेथे वाचणाराने आपल्या हाताने बसवून घ्यावी. इति.